पठारावरचा खांब

पेटी पठारावर ठेवायचा हट्ट माझाच होता, हे आधी सांगून टाकते. नंतर लोक नशीब, वेळ, देवाची मर्जी असलं काहीबाही बोलले, आणि मला त्या बोलण्याचा अजून राग येतो. शिनोलीच्या वरच्या पठारावर पेटी ठेवण्याची देवाला काही गरज नव्हती. गरज मला होती.

माझ्या मार्गदर्शक आरती मॅडम पुण्यातल्या एका संस्थेत विजांचा अभ्यास करतात आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करते. पेटी कुठल्यातरी कुंपणाच्या आत ठेवावी, जिथे रखवालदार असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणाले, मॅडम, आमच्या पठारावर मे महिन्यात ढग अगदी अंगावर येतो, आणि रखवालदाराचं म्हणाल तर माझे वडील रोज तिथेच मेंढरं चारतात. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. फुकटचा रखवालदार मिळवून दिला म्हणून मी स्वतःवर खूष होते.

आम्ही धनगर. आजोबांच्या काळी वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा संसार, पाठीवर घेऊन घाटाखाली जायचो, आता शिनोलीच्या कडेला पक्कं घर आहे, दोन एकर रान आहे. भाऊ हनुमंत नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअप चालवतो. मेंढरं सोडली नव्हती ती एकट्या माझ्या वडिलांनी, आबांनी. साठ होती. यमाजी, म्हातारा झालास, आता विकून टाक, असं सगळा गाव सांगायचा, आणि आबा सगळ्या गावाला हो म्हणून सकाळी मेंढरं घेऊन पठार चढायचे.

पेटीत काय आहे ते आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मला वाटलं होतं समजावणं अवघड जाईल. मी सांगितलं की ढगाच्या पोटात वरच्या आणि खालच्या अंगात विजेची जबरदस्त ओढ तयार होते. त्या ओढीत एखादा वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचा अगदी बारीक कण, सापडला की तो पळत सुटतो, हवेला धडकून आणखी कण मोकळे करतो, तेही पळतात, त्यांच्या धडकेनं आणखी. बघता बघता कोट्यवधी होतात आणि जवळजवळ उजेडाच्या वेगानं जातात. आबांनी मान हलवली. ‘एक बुजलं की सगळा कळप बुजतो. आमाला काय नवं हाय त्यात?’ मग थोडा विचार करून म्हणाले, ‘पन पयलं कोण बुजवतं?’

तीन वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणाले, आबा, लांब कुठंतरी तारा फुटलेला असतो, तिथून निघालेला एखादा कण आपल्या आभाळात शिरतो, तो पहिल्याला बुजवतो. ‘लांबचा पावणा,’ आबा म्हणाले, आणि त्यांना ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगत होते.

पुढचंही त्यांना मी सांगितलं. हे कण हवेत अडखळले की त्यांच्यातून गॅमा किरण निघतात. ढगाच्या वरच्या अंगाला हा लोंढा थेट अवकाशाकडे सुटतो आणि उपग्रहांना दिसतो. खालच्या अंगाला सुटतो तो हवेतच विरतो, म्हणून जमिनीवरून दिसायचा तर ढग डोक्याला लागेल एवढा खाली यायला हवा. पेटीतला स्फटिक सेकंदाला किती किरण आले ते मोजतो; असा ढग पठारावर आला की तो आकडा चढायला लागेल, आणि वीज पडली की ती ओढ मोकळी होऊन आकडा एका सेकंदात खाली येईल. म्हणजे आकडा चढतोय तोवर वीज पडायची आहे. हे वाक्य मी आबांना सांगितलं, मॅडमना सांगितलं, एका परिषदेत चाळीस माणसांसमोर सांगितलं. मला स्वतःला ते किती कळलं होतं, ते पुढे येईलच.

पेटीशेजारी पंधरा पावलांवर बारा फुटांचा लोखंडी खांब होता. कातळात खड्डा घेता येईना म्हणून दगडांच्या रचाईत उभा केला होता. त्याच्या टोकाला एक नाजूक अँटेना होती, ती पेटीतला आकडा आमच्या घरातल्या लॅपटॉपवर पाठवायची. खांबाला तांब्याची पट्टी लावून ती पाण्याच्या डबक्यात सोडली होती, वीज आलीच तर खांबावरून जमिनीत जावी आणि पेटी वाचावी म्हणून.

तो खांब आबांना पहिल्या दिवसापासून खुपत होता. आमच्यात आभाळ गरजायला लागलं की लोखंड लांब टाकतात. कुऱ्हाड, कोयता, वाड्यावर असलो तर तवासुद्धा. मेंढरांपासून आणि माणसांपासून वीस-पंचवीस पावलांवर नेऊन भिरकावून द्यायचं आणि मागं न बघता परत यायचं. आबांच्या वडिलांनी केलं, आबांनी केलं, मीही लहानपणी आईच्या हातातून विळा घेऊन अंगणाबाहेर फेकलाय. त्यामुळे पेटी जपायची आणि तिच्याच शेजारी एवढं मोठं लोखंड उभं करायचं, हे आबांना पटेना. ‘ह्यो खांब वीज वढून घील की गं,’ ते म्हणाले.

मी वायरी जोडत होते. ऊन डोक्यावर होतं, मला दुपारची एसटी गाठायची होती. मी म्हणाले, ‘त्यासाठीच लावलाय आबा, ओढू दे.’ एवढंच म्हणाले. ओढून ती कुठे जाते, पट्टी कशाला आहे, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. कळप कसा बुजतो ते सांगायला मला अर्धा तास होता, कारण ते सांगताना मी हुशार दिसत होते.

दोन उन्हाळे पेटीनं काही दिलं नाही. पहिल्या वर्षी ढग उंचावरूनच गेले. दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात एक चांगला ढग आला, नेमक्या त्याच सकाळी वानरांनी वायर तोडून ठेवली होती. या वर्षी एकतीस मेला पेटी परत करायची होती, तिच्यातला स्फटिक दुसऱ्या प्रयोगाला हवा होता. चोवीस तारखेपर्यंत पाटी कोरी. मी देव पाण्यात घालून बसले होते. त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते, आणि जेवताना लॅपटॉप मांडीवर असायचा.

पंचवीस तारखेच्या सकाळी मी हवामानाची चित्रं बघितली. दुपारनंतर भीमाशंकरच्या अंगानं मोठा ढग उठणार होता. आबा मेंढरं सोडत होते. आज ते डिंभ्याच्या पाण्याकडे उतरणार होते, वर गवताची काडी उरली नाही म्हणाले, आणि गुडघाही दुखत होता. मी त्यांना अडवलं. म्हणाले, ‘आबा, आज पठारावरच जावा. वानरं पेटीला हात लावतील. आजचा दिवस बघा फक्त. त्या पेटीत माझी दोन वर्षं हायेत.’

आबांनी गुडघ्यावर हात फिरवला आणि मेंढरांचं तोंड पठाराकडे वळवलं. मी मागून ओरडून सांगितलं की ढग दाटला की लगेच खाली या. हे मी सांगितलं होतं, आणि नंतर अनेकांनी मला त्याची आठवण करून दिली. पण कुठलं वाक्य मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं आणि कुठलं पाठमोऱ्या माणसाला ओरडून सांगितलं, ते मला माहीत आहे.

साडेतीनला पश्चिमेकडचं आभाळ काळं झालं. चारला वारा सुटला. आई अंगणातलं वाळवण गोळा करत होती आणि मधूनमधून पठाराच्या वाटेकडे बघत होती. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर होते. आकडा सेकंदाला चाळीस-बेचाळीस होता, दोन वर्षं तो तेवढाच होता. खिडकीतून पठार दिसेनासं झालं. ढग त्याच्यावर टेकला होता.

चार वाजून अडतीस मिनिटांनी आकडा पन्नास झाला. मग पंचावन्न. मला वाटलं पावसाच्या थेंबांमुळे असेल, तसंही होतं. मग तो सत्तर झाला, नव्वद झाला आणि चढतच राहिला. थेंबांमुळे असं होत नाही. मी उभी राहिले. मी आरती मॅडमना फोन लावला आणि त्यांना एकेक आकडा वाचून दाखवायला लागले. एकशे दहा. एकशे तीस. त्या पलीकडून ‘हो, हो’ एवढंच म्हणत होत्या. मी रडत होते, हसत होते. आईला मी हाक मारली, म्हणाले, आई, आलं बघ, आलं शेवटी. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसली.

तीन मिनिटं दहा सेकंद. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तो आनंद झाला होता हे मी लपवणार नाही, लपवून आता कुणाचं भलं व्हायचंय.

एकशे नव्वदवर आकडा थांबला. खाली आला नाही, थांबला. स्क्रीनवर जोडणी तुटल्याची लाल खूण आली. वीज पडली असती तर आकडा आधी खाली आला असता, म्हणजे वीज पडली नव्हती, नुसती अँटेना गेली होती. माझं डोकं फिरलं. मी फोन तसाच टाकला, शिडी लावली आणि पावसात पत्र्यावर चढले. आमच्या बाजूची अँटेना धडधाकट होती. मग वरच काहीतरी झालं होतं. खांब पडला होता. वानरं एवढ्या गडगडाटात फिरत नाहीत, म्हणजे मेंढरं. ती अशा वेळी एकमेकांत घुसतात, रेटारेटी करतात. मेंढरांनी रेटून रचाई ढासळवली असणार आणि आबा बघत उभे राहिले असणार. शिडीवरून उतरता उतरता मी मोठ्यानं म्हणाले, ‘एक काम सांगितलं व्हतं म्हाताऱ्याला, एक. तेबी धड जमत न्हाई.’

शिडी धरायला आई खाली उभी होती. त्याच वेळी पठारावर असा आवाज झाला की घराचे पत्रे थरथरले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दोन वर्षं जे वाक्य लोकांना सांगत फिरत होते, ते मला आत्ता ऐकू आलं. आकडा चढत होता म्हणजे वीज पडायची होती, आणि जिथे पडायची होती तिथे माझा बाप होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी कायम हसत आले. खोलीत बसून मी बापाला हाकलं होतं.

आबांचा फोन लागेना. पठारावर रेंज फक्त पूर्वेच्या कड्याच्या टोकाला येते. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. आई म्हणाली, ढग बघून ते उतरलेच असतील, वाटेत कुठंतरी कपारीला बसले असतील. दर वेळी ते चारच्या आत उतरायचे, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पाच वाजले तरी वाटेवर कुणी दिसेना. मी शेजारच्या सोपानभाऊंकडे पळाले. दर हिवाळ्यात त्यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसतात, चाळीस वर्षांचा घरोबा. त्यांनी लगेच मोटरसायकल काढली.

अर्ध्या वाटेपर्यंत गाडी गेली. पुढे पायवाट. एरवी तासाची चढण, आम्ही किती वेळात चढलो सांगता येत नाही. पाऊस थांबला होता, वाटेवर गारांचा थर होता, पाय ठेवला की घसरत होता. सोपानभाऊ मागून हाका मारत होते, जपून जा म्हणत होते. मी स्वतःशी नवस बोलत चालले होते. पेटी फुटू दे. पेटीतला सगळा आकडा पुसून जाऊ दे. पीएच.डी. नको, काही नको, मी घरी राहीन, मेंढरं राखीन. ज्या देवावर माझा विश्वास नाही त्याला मी एकेक करून सगळं देऊन टाकत होते.

वर आल्यावर पहिल्यांदा मेंढरं दिसली आणि माझ्या तोंडून हुंदका फुटला. ती पठाराच्या मधल्या खोलगट जागी होती, माना खाली घालून एकमेकांना चिकटून उभी, आणि साठच्या साठ जिवंत. कुत्रं त्यांच्या कडेला बसलं होतं. आबांनी सगळं रीतसर केलं होतं. झाडाखाली नाही, उंचवट्यावर नाही, नेमक्या खळग्यात कळप बसवला होता. आणि तिथून पंचवीस पावलांवर गारांमध्ये कुऱ्हाड पडली होती, तिच्या पलीकडे कोयता. मी ओरडले, भाऊ, हे बघा, लोखंड टाकलंय, म्हणजे आबा ठीक आहेत. सोपानभाऊंनी मान डोलावली. आम्ही दोघंही हाका मारत पेटीकडे निघालो.

पेटीवर आबांची घोंगडी होती. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून नीट पांघरलेली. दगडांच्या रचाईत खांब नव्हता. तांब्याची पट्टी सोडवून, गुंडाळी करून पेटीच्या आडोशाला ठेवली होती.

आबा तिथून दोनशे पावलांवर उत्तरेच्या अंगाला सापडले. कुशीवर पडले होते. एक वहाण दहा हात लांब उडाली होती. खांब त्यांच्या अंगाखाली होता, एक हात अजून त्याच्याभोवती. डोकं उघडं होतं, केसांत गारा अडकल्या होत्या. डोक्याचा पटका त्यांनी खांबाच्या टोकाला गुंडाळला होता, दोनचार वेढे देऊन, पिलाला गुंडाळतात तसा. आत अँटेना होती. तिची एक काडीसुद्धा वाकली नव्हती.

विजेनं थांबलेलं हृदय छाती दाबून पुन्हा चालू करता येतं. संस्थेत आम्हाला ते रबराच्या बाहुलीवर शिकवलं होतं. मी आबांना उताणं केलं, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही तळहात छातीवर ठेवून दाबायला लागले. तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडात श्वास भरायचा. सोपानभाऊ रेंजसाठी कड्याकडे पळाले आणि रुग्णवाहिकेला फोन करून परत आले. मग त्यांना मी शिकवलं. ते दाबत, मी श्वास भरी. मी थकले की ते, ते थकले की मी. आबांच्या तोंडाला तंबाखूचा वास होता, रोजचाच.

हे पहिल्या पाच-दहा मिनिटांत करावं लागतं. तास उलटून गेला होता. मला ते माहीत होतं आणि मी मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. छाती गार पडली होती तरी मी माझ्या हातांच्या उबेलाच त्यांची ऊब समजत होते. दोनदा मला वाटलं श्वास आला. सोपानभाऊ म्हणाले, पोरी, वारा हाय तो. मी त्यांना शिवी दिली. साठीच्या माणसाला, ज्यांच्या अंगाखांद्यावर मी खेळले त्यांना. त्यांनी ऐकून घेतली आणि पुन्हा छाती दाबायला लागले.

खालून माणसं वर आली तेव्हा अंधारून यायला लागलं होतं. त्यांनी मला धरून बाजूला केलं. पेटीवरची घोंगडी काढून तिची झोळी केली आणि आबांना खाली नेलं. घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, गेले ते जागच्या जागीच गेले, तुम्ही लगेच पोचला असता तरी सांगता आलं नसतं. ते बिचारे धीर द्यायला बोलले असणार. सांगता आलं नसतं म्हणजे वाचवता आलं नसतं असं नव्हे, एवढं मला कळत होतं.

आई रडली ती एकदाच, आबांना अंगणात आणलं तेव्हा. त्यानंतर ती मला जेवायला वाढायची, अंघोळीला पाणी काढून द्यायची, आल्या-गेल्याला चहा करायची, आणि शिडीखाली उभं राहून तिनं जे ऐकलं होतं त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. ना मला, ना हनुमंतला, ना भेटायला येणाऱ्या बायकांना. तिनं मला चारचौघांत फाडून खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

तेरावा झाल्यावर आरती मॅडम आल्या. पेटी सोपानभाऊंनी आधीच खाली आणून पुण्याला पोचवली होती. अँटेना गेली तरी पेटी आतल्या आत आकडे लिहून ठेवते, ते मॅडमनी काढून घेतले होते आणि त्याचा आलेख कागदावर छापून आणला होता. दोन तास त्यांनी तो बॅगेतून बाहेर काढला नाही. निघताना माझ्या हातात दिला. म्हणाल्या, इतकी स्वच्छ नोंद मी आजवर पाहिली नाही, पण तू नको म्हणालीस तर ती कुठेही छापायची नाही, आणि हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. मग त्या गाडीत बसून डोळे पुसत राहिल्या, बराच वेळ गाडी सुरूच करेनात.

मी कागद घेऊन ओट्यावर बसले. आकडा एकशे नव्वदवर थांबलेला मी पाहिला होता. कागदावर तो थांबला नव्हता. दोनशे, तीनशे, साडेचारशे, रेघ सुळक्यासारखी चढत गेली होती, सहाशे दहापर्यंत. आणि तिथून सरळ खाली, एका सेकंदात बेचाळीसवर. जोडणी तुटल्यापासून रेघ कोसळेपर्यंत दोन मिनिटं चाळीस सेकंद होती.

आई येऊन शेजारी बसली. तिला लिहितावाचता येत नाही. कागद तिनं माझ्या हातातून घेतला नाही, नुसता वाकून बघितला आणि विचारलं, ‘ह्येच का ते? ज्याच्यापायी गेले?’

मी हो म्हणाले. तिनं सगळं विचारून घेतलं. ही सपाट रेघ कसली, ही चढण कसली. मी सांगितलं, इथून कण पळायला लागले. इथे मी तुला हाक मारली, तू दारात उभी होतीस. इथे पेटीवर वीज येऊ नये म्हणून आबांनी खांब उपसला, आणि मला दिसायचं बंद झालं. इथे मी पत्र्यावर होते. इथे मी ते बोलले. इथे वीज पडली. माझा आवाज एका सरळ रेषेत चालला होता, परीक्षेत उत्तर द्यावं तसा.

आईनं बोट कागदावर ठेवलं. खांब उपसला त्या जागी ठेवलं आणि हळूहळू रेघेवरून वर नेलं, अगदी टोकापर्यंत.

‘एवढा येळ ते खांब घिऊन चालत व्हते,’ ती म्हणाली.

‘व्हय.’

‘लई येळ झाला की गं हा.’

दोन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे किती, हे मी नंतर एकदा चालून पाहिलंय. गारांच्या माऱ्यात, दुखऱ्या गुडघ्यानं, बारा फुटांचा खांब खांद्यावर घेऊन दोनशे पावलं. एवढा वेळ लागतो.

आईचं बोट टोकावरून हललं नाही. तिची नजर मात्र माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तिला खरोखरच कळत नव्हतं. चाळीस वर्षं एका माणसाबरोबर मेंढरं राखलेली बाई, त्याची प्रत्येक रीत तिला पाठ होती, आणि हीच एक गोष्ट त्या रीतीत बसत नव्हती.

‘कुऱ्हाड फेकली त्येंनी,’ आई म्हणाली. ‘कोयता फेकला. पंचवीस पावलावं टाकून माघारी आले. मग ह्यो खांब का न्हाई भिरकावला? ह्योच का उराशी धरून चालत ऱ्हायले?’

‘माझा व्हता म्हणून, आई.’